दुय्यम भूमिका

रहस्यकथेचें रहस्य आधींच फोडणारा मनुष्य आणि पंगत बसण्यापूर्वींच जिलबी संपल्याची वार्ता आणणारा मनुष्य, हे दोघेहि समाजाला सारखेच अप्रिय असतात. आज मी यांपैकीं पहिल्या प्रकारचा अपराध करणार आहें. परंतु ज्या चित्रपटाचें रहस्य मी फोडणार आहें तो इटलींत १९७५ सालीं प्रदर्शित झाला. म्हणजे त्या गोष्टीला आतां पन्नास वर्षें उलटून गेलीं. इतक्या अवधीनंतर मोठमोठ्या राज्यांचीं गुप्त कागदपत्रेंहि लोकांना खुलीं होतात. मग एका खुनाच्या गोष्टीची मातबरी ती काय! शिवाय या चित्रपटाची खरी गोडी रहस्य कळल्यानंतरच सुरू होते, असा माझा अनुभव आहे. आणि तो अनुभव मला बराच महाग पडला आहे.

वास्तविक रहस्यपट हा माझा प्रांत नव्हे. महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत माझीं अठ्ठावीस वर्षें गेलीं. शेक्सपिअरच्या नाटकांत जेवढे खून पडतात तेवढे मला वर्षाकाठीं पुरेसे होतात. पण गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा मुलगा घरीं आला होता. त्याला परदेशी चित्रपटांचा मोठा नाद. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें एक इटालियन चित्रपट लावला आणि मला म्हणाला, "बाबा, डोळे उघडे ठेवून वाचा, असं तुम्ही वर्गांत मुलांना नेहमीं सांगतां. आज तुमचे डोळे पाहूं. यांतला खुनी कोण, तें सुरुवातीलाच तुम्हांला स्पष्ट दाखवलेलं आहे. तुम्ही ओळखलंत, तर सांगाल तें पुस्तक मी तुम्हांला घेऊन देईन."

असें आव्हान कोणता प्राध्यापक नाकारील? मीं चष्मा स्वच्छ पुसला, खुर्ची पुढें ओढली आणि मनांतल्या मनांत एका महागड्या ग्रंथाची निवडहि करून टाकली.

चित्रपटाचें नांव 'प्रोफोंदो रोस्सो', म्हणजे 'गडद तांबडा'. दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो. या जातीच्या कथांना इटलींत 'जाल्लो' असें म्हणतात. जाल्लो म्हणजे पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेनें १९२९ सालीं पिवळ्या वेष्टनांत गुन्हेगारी कादंबऱ्यांची एक माला काढली. ती इतकी लोकप्रिय झाली कीं वेष्टनाचा रंग हेंच त्या वाङ्मयप्रकाराचें नांव होऊन बसलें. पुढें तें चित्रपटांनाहि चिकटलें. १९६३ सालीं मारिओ बाव्हा यानें या वाटेवर पाऊल टाकलें आणि १९७० सालीं आर्जेंतोनें आपल्या पहिल्याच चित्रपटानें तिचा राजरस्ता केला. काळे हातमोजे घातलेला, तोंड न दिसणारा खुनी, चकाकणारें शस्त्र, आणि कांहींतरी पाहिलेला, परंतु काय पाहिलें तें न उमगलेला एखादा साक्षीदार, हें या कथांचें ठरीव साहित्य होय.

आरंभींच एका घरांतील नाताळचें दृश्य दिसतें. शृंगारलेलें झाड आहे, लहान मुलांचें एक गाणें वाजत आहे, आणि भिंतीवर सावल्यांची झटापट चालली आहे. किंकाळी ऐकूं येते, रक्तानें माखलेली सुरी जमिनीवर येऊन पडते, आणि तिच्याजवळ एका लहान मुलाचे पाय येऊन उभे राहतात. एवढें दाखवून पडदा पुन्हा नामावलीकडे वळतो. त्यानंतर मानसशक्तीच्या अभ्यासकांची एक सभा दिसते. दुसऱ्याच्या मनांतले विचार ओळखणारी हेल्गा नांवाची स्त्री व्यासपीठावर बसली असतां एकाएकीं अस्वस्थ होते. येथें बसलेल्या मंडळींतील एका मनानें पूर्वीं खून केला आहे आणि तें पुन्हाहि करील, असें ती सांगते. त्याच रात्रीं तिचा खून होतो.

तो खून रस्त्यावरून एक मनुष्य पाहतो. त्याचें नांव मार्क डेली. हा परदेशी पियानोवादक असून डेव्हिड हेमिंग्ज या इंग्रज नटानें त्याचें काम केलें आहे. तुरिन शहरांतील एका विस्तीर्ण चौकांत, नद्यांच्या भव्य दगडी मूर्तींच्या पायथ्याशीं, तो आपल्या कार्लो नांवाच्या मित्राशीं बोलत उभा आहे. कार्लोहि पियानोच वाजवितो. पण दारूनें त्याचा पुरता कबजा घेतला आहे. चौकाच्या कडेला एक उजळलेलें मद्यगृह आहे. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर याच्या १९४२ सालच्या 'नाइटहॉक्स' या चित्राच्या धर्तीवर तें उभारलेलें आहे. म्हणजे चित्र कोणतें आणि प्रत्यक्ष कोणतें, याची सरमिसळ दिग्दर्शकानें येथूनच सुरू केलेली आहे. पण हें शहाणपण मला मागाहून सुचलें.

मार्क वर पाहतो तों खिडकीच्या कांचेवर हेल्गा आपटतांना दिसते. तो धांवत जिना चढतो आणि एका लांब बोळांतून तिच्याकडे जातो. बोळाच्या दोन्ही भिंतींवर विचित्र, फिकट चेहऱ्यांचीं चित्रें टांगलेलीं आहेत. अर्थात् त्याला उशीर झालेला असतो. पोलीस येतात, जबाब घेतात. आणि मार्कला चुटपुट लागून राहते, कीं आंत येतांना आपण पाहिलेलें एक चित्र आतां तेथें नाहीं. तें चित्र कोणी नेलें? कां नेलें? पुढील सारा चित्रपट म्हणजे या हरवलेल्या चित्राचा शोध आहे. स्मृतींत पाहिलेलें आणि कल्पिलेलें यांची भेसळ होत असते, अशी सूचना कार्लो त्याला देतो. पण दारुड्याच्या तोंडचें तत्त्वज्ञान मनावर कोण घेतो!

या शोधांत मार्क एकदां कार्लोच्या घरीं जातो. कार्लो घरीं नसतो. दार त्याची आई उघडते. ही मार्ता. वय साठीच्या पलीकडे, पण नटण्याची हौस शिल्लक. डोळ्यांत काजळ, बोलण्यांत अघळपघळपणा. ती पूर्वीं नटी होती. लग्नानंतर तो व्यवसाय सुटला, असें तिच्या बोलण्यांत येतें. भिंतीवर तिचीं तरुणपणचीं छायाचित्रें लावलेलीं आहेत आणि तीं ती पाहुण्याला मोठ्या उत्साहानें दाखविते. मार्क इंजिनिअर आहे असें तिनें मनाशीं घेतलें आहे. तो म्हणतो, "मी पियानो वाजवितों." घटकाभरानें ती पुन्हा त्याला इंजिनिअरच करून टाकते. मला हंसूं आलें. मुलानें तिरप्या नजरेनें माझ्याकडे पाहिलें. पण तोहि हंसत असेल असें मला वाटलें.

त्या वेळीं माझ्या मनानें काय केलें तें मला आतां नीट सांगतां येतें. मन म्हणालें, ही विनोदासाठीं घातलेली म्हातारी. लागोपाठच्या खुनांनीं प्रेक्षकाचा जीव घाबरा झाला असेल, त्याला क्षणभर विसांवा द्यावा, एवढेंच हिचें काम. इतका निर्णय देऊन मन मोकळें झालें आणि पुन्हा खुनी शोधूं लागलें. म्हणजे ती बाई पडद्यावर माझ्यापुढें उभी असतांनाच मीं तिला पडद्यामागें पाठवून दिलें.

वाचकांनीं ओळखलें असेलच. खुनी तीच आहे.

शेवटीं मार्कला वाटतें, खुनी कार्लो. कार्लो भयंकर रीतीनें मरतो आणि गोष्ट संपली असें आपणांस वाटूं लागतें. इतक्यांत मार्कच्या ध्यानांत येतें, कीं हेल्गाची किंकाळी ऐकूं आली तेव्हां कार्लो तर आपल्याशींच बोलत होता! तो पुन्हा त्या घरांत जातो, त्या बोळांत उभा राहतो, आणि त्याला उमगतें, कीं चित्र हरवलें नव्हतेंच. जेथें त्याला चित्र दिसलें होतें तेथें आरसा आहे. समोरच्या भिंतीवरील चित्रांतल्या चेहऱ्यांचें प्रतिबिंब त्यांत पडलें होतें, आणि त्या रंगविलेल्या चेहऱ्यांमध्यें एक चेहरा जिवंत होता. आड लपून उभ्या असलेल्या मार्ताचा. ती निघून गेली, चित्र 'हरवलें'. मार्क मागें वळतो, तों ती त्याच्या पाठीशीं उभी. मग तो जुना नाताळ पुन्हा दिसतो. नवऱ्यानें तिला वेड्यांच्या इस्पितळांत पाठविण्याचा घाट घातला होता. तिनें मुलाच्या डोळ्यांदेखत त्याला सुरीनें मारलें. तिचा स्वतःचा शेवटहि तितकाच भीषण आहे. तिच्या गळ्यांतील माळ पाळण्याच्या जाळींत अडकते आणि पाळणा खालीं सुटतो. जेवणानंतर हें पाहूं नये, एवढेंच मी गृहिणींना सांगतों.

चित्रपट संपतांच मीं निषेध नोंदविला. "ही शुद्ध फसवणूक आहे. आरशांत चेहरा होता म्हणे! तो आम्हांला दाखविला कुठें?" मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें चित्रपट मागें नेला. मार्क धांवत बोळांत शिरतो, डाव्याउजव्या बाजूंचीं चित्रें सरकतात, आणि मुलानें एका क्षणीं चित्र थांबविलें. आरशाच्या चौकटींत, फिकट चेहऱ्यांच्या गर्दींत, क्लारा कालामाईचा चेहरा थेट माझ्याकडे पाहत होता. त्यावर ना पदर, ना सावली. "तुम्ही पाहिलंत तिला, बाबा," मुलगा म्हणाला, "फक्त बघितलं नाहींत." व्याकरणाच्या दृष्टीनें या वाक्यांत पुनरुक्तीचा दोष आहे, पण तो काढण्याचा धीर मला झाला नाहीं.

एडगर ॲलन पो याची १८४४ सालची 'दि पर्लॉइन्ड लेटर' ही गोष्ट मीं वर्गांत कितीदां शिकविली असेल! पोलीस घराचा कोपरान् कोपरा धुंडाळतात आणि चोरलेलें पत्र सर्वांना दिसेल अशा जागीं, कागद अडकविण्याच्या चौकटींत, उघडें पडलेलें असतें. उत्तम लपवण म्हणजे मुळींच न लपविणें, हें सूत्र मुलांना सांगतांना मला नेहमीं स्वतःच्या बुद्धीचें कौतुक वाटे. पण पोच्या गोष्टींत त्या पत्राचें रूप तरी बदललेलें असतें. येथें कांहींच बदललेलें नाहीं. दिग्दर्शकानें माझ्यापुढें सत्य ठेवलें आणि पुढची सगळी फसवणूक माझी मीं केली. भिंतीवर असतें तें चित्र, आणि चित्र म्हणजे शोभेची वस्तु. शोभेच्या वस्तूकडे पाहून आपण पुढें जातों. त्या बोळांत मीं तिला शोभेची वस्तु केलें. तिच्या घरीं गेल्यावर तिला विनोदी म्हातारी केलें. दोन्ही वेळां चेहरा दिसला आणि दोन्ही वेळां मीं चेहऱ्याऐवजीं भूमिका पाहिली.

दुसऱ्या दिवशीं मीं एकट्यानेंच तो चित्रपट पुन्हा पाहिला आणि या वेळीं केवळ तिच्यासाठीं पाहिला. तिचीं दृश्यें मोजकींच. परंतु ती नटी कोण हें कळल्यावर त्या दृश्यांचा अर्थ पालटतो. क्लारा कालामाई हिचा जन्म १९०९ सालचा, प्रातो गांवचा. १९३८ पासून ती पडद्यावर दिसूं लागली आणि महायुद्धाच्या काळांत इटलींतील अग्रगण्य नटींत तिची गणना होऊं लागली. १९४२ सालीं ब्लासेत्ती या दिग्दर्शकाच्या एका बोलपटांत तिचें वक्षःस्थल क्षणभर अनावृत झालेलें दिसतें; त्या एका क्षणाचा साऱ्या देशांत केवढा गवगवा झाला! १९४३ सालीं लुकिनो व्हिस्कोंती यानें जेम्स केन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवरून 'ओस्सेस्सिओने' हा आपला पहिला चित्रपट काढला. त्यांतील नायिकेचें काम आधीं आन्ना मान्यानी करणार होती. पण ती गरोदर असल्यामुळें तें कालामाईकडे आलें. वयस्क खाणावळवाल्याची ती तरुण बायको प्रियकराच्या साह्यानें नवऱ्याचा जीव घेते. इटलीच्या वास्तववादी चित्रपटांची पहांट या कृतीनें झाली असें जाणकार मानतात. युद्धानंतर तिला समीक्षकांचें मानाचें पारितोषिकहि मिळालें. मग हळूहळू कामें कमी झालीं आणि लहान झालीं. १९५७ सालीं त्याच व्हिस्कोंतीच्या चित्रपटांत ती एका वेश्येच्या छोट्या भूमिकेंत दिसते. 'प्रोफोंदो रोस्सो' ही तिची शेवटची भूमिका. त्या वेळीं ती पासष्टीची होती. १९९८ सालीं ती वारली.

मार्ताच्या घरांतील भिंतीवर जीं छायाचित्रें आहेत तीं बनावट नाहींत. तीं कालामाईच्या स्वतःच्या तारुण्यांतील, तिच्या गाजलेल्या दिवसांचीं आहेत. मीं तीं पाहिलीं होतीं, पण भिंतीचा रंग पाहावा तशीं. आणि योगायोग पाहा: १९४२ सालीं एका क्षणाकरितां जें दिसलें तें साऱ्या इटलीनें पाहिलें, १९७५ सालीं एका क्षणाकरितां तिचा चेहरा दिसला तो जवळजवळ कोणींच पाहिला नाहीं. तरुण स्त्रीचा क्षण आणि म्हाताऱ्या स्त्रीचा क्षण, दोन्ही घड्याळांत सारखेच. जगाच्या डोळ्यांत मात्र त्यांच्यांत एवढें अंतर.

आतां त्या भेटीच्या दृश्याकडे पुन्हा पाहा. मार्ता त्या पाहुण्याला ओळखते. आरशांत त्या दोघांची नजरानजर झालेली आहे. जगांत तिचा चेहरा पाहिलेला साक्षीदार एकच, आणि तो आज तिच्या घरांत उभा आहे! "आपण इंजिनिअर ना?" हा प्रश्न ती पुन्हा पुन्हा कां विचारते? पहिल्या वेळीं मला तो म्हातारपणचा विसर वाटला. दुसऱ्या वेळीं मला तो शिकाऱ्याच्या जातीचा प्रश्न वाटला: हा मला ओळखतो कीं नाहीं, एवढेंच तिला हवें आहे. तो ओळखत नाहीं. आणि मग ती काय करते? भिंतीकडे जाते आणि स्वतःचे चेहरे, एकामागून एक, त्याला दाखविते! अपराधी आपला चेहरा साक्षीदाराच्या डोळ्यांसमोर धरतो आहे आणि साक्षीदार सभ्यपणें मान डोलावून निघण्याची वेळ शोधतो आहे. न ओळखलें गेल्याचा आनंद आणि न ओळखलें गेल्याचें दुःख, हीं दोन्ही त्या वृद्ध नटीच्या हंसण्यांत एकाच वेळीं उमटलेलीं मला दिसलीं. खुनी बाईला तो आनंद व्हावा आणि नटीला तें दुःख व्हावें, हें योग्यच आहे. पण दोघी एकच असल्यावर काय करावें?

मार्कविषयीं आणखी एक गोष्ट मला दुसऱ्या वेळीं दिसली. चित्रपटांत जान्ना नांवाची एक वार्ताहर तरुणी आहे. तिच्याशीं बोलतांना हे गृहस्थ, स्त्रिया स्वभावतःच नाजूक व दुबळ्या असतात, असा सिद्धांत मांडतात. ती त्यांना पंजा लढवायला बसविते आणि हरविते. आपण हंसतों, तोहि चिडतो आणि विसरतो. उत्तर त्याच्या हातांत आलें होतें, शब्दशः हातांत आलें होतें! पण ज्याच्या डोक्यांत भूमिकांची वांटणी आधींच होऊन गेली आहे, त्याला पुरावा दिसला तरी तो विनोद म्हणून दिसतो. मार्ताचा मला कळवळा आला म्हणून तिचें पाप हलकें होत नाहीं. तिनें निरपराध माणसें मारलीं आहेत. मात्र ती इतके दिवस सुरक्षित राहिली ती स्वतःच्या हुषारीनें नव्हे. म्हातारी, बडबडी, कोणाची तरी आई, अशी एक जागा जगानें तिला नेमून दिली होती आणि त्या जागेकडे कोणी वळून पाहत नाहीं, यामुळें ती वांचली.

येथवर मी चित्रपटाविषयीं लिहिलें. हें लिहून संपवितां आलें असतें तर मला बरें वाटलें असतें. पण त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं, आणि त्याचें कारण पडद्यावरचें रक्त हें नव्हतें.

अठरा वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. वार्षिक परीक्षेच्या वेळीं मी एका दालनावर पर्यवेक्षक होतों. मागच्या बाजूला शेजारशेजारच्या बांकांवर दोन विद्यार्थी बसले होते. एक वर्गांत उशिरां येणारा, चहाच्या टपरीवर अधिक दिसणारा. दुसरा नेमस्त, ज्याच्या वह्या मी इतरांना नमुना म्हणून दाखवीत असें. दोघांच्या मधल्या जागेंत मार्गदर्शिकेंतून फाडलेलें एक छापील पान पडलेलें मीं पाहिलें. पहिला मुलगा खालीं वांकला होता. मीं पान उचललें आणि अहवालांत लिहिलें, कीं या विद्यार्थ्यानें कागद खालीं टाकलेला मीं प्रत्यक्ष पाहिला. चौकशीच्या वेळींहि मीं तेंच सांगितलें, आणि ठामपणें सांगितलें. तो म्हणाला, "सर, तो कागद माझा नाहीं. पायाशीं आला म्हणून मीं खालीं पाहिलं." छापील कागद, हस्ताक्षराचा प्रश्न नव्हता. माझी साक्ष होती आणि ती पुरेशी झाली. त्या मुलाचें वर्ष गेलें.

पुढें कितीतरी वर्षांनीं एका बँकेंत तो मला भेटला. तेथें तो अधिकारी झाला होता. त्यानें उठून नमस्कार केला, चहा मागविला, माझें काम स्वतः करून दिलें. निघतांना आपलें नांवपत्र माझ्या हातांत ठेवीत तो हळूच म्हणाला, "सर, तो कागद खरंच माझा नव्हता." मी हंसलों. मोठ्या माणसानें जुनी गोष्ट विसरून जावी अशा अर्थाचें हंसणें मीं हंसलों. मार्तापुढें मार्क हंसला असेल तसें.

त्या रात्रीं मीं अंथरुणावर पडून माझा चित्रपट मागें नेण्याचा प्रयत्न केला. दालन आठवलें, खिडक्या आठवल्या, जमिनीवरचें पान आठवलें, वांकलेली पाठ आठवली. पण कागद टाकणारा हात? तो हात मला कोठेंच दिसेना. तो मीं पाहिलाच नव्हता. पान आणि पाठ यांच्या मधली जागा मीं माझ्याजवळच्या सामानानें भरून काढली होती. आणि तें सामान म्हणजे तो चहाच्या टपरीवर दिसतो एवढेंच होतें. शेजारचा नेमस्त मुलगा माझ्या लेखीं भिंतीवरचें चित्र होता. आतां, कागद त्याचा होता असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणणें म्हणजे तीच चूक दुसऱ्या बाजूनें करणें होईल. कदाचित् तो तिसऱ्याच कोणाचा असेल. मला एवढेंच ठाऊक आहे, कीं जें मीं पाहिलें म्हणून शपथेनें सांगितलें तें मीं पाहिलें नव्हतें.

आणि मग आणखी एक गोष्ट वर आली. चौकशीच्या दिवशीं कार्यालयाबाहेरच्या बोळांत एका बांकावर त्या मुलाची आई बसली होती. मी जवळून जातांना ती उठून उभी राहिली आणि कांहीं बोलूं लागली. "प्राचार्यांना भेटा," असें म्हणून मी पुढें गेलों. मला तो बांक आठवतो. भिंतीवर टांगलेलीं माजी प्राचार्यांचीं तैलचित्रेंहि ओळीनें आठवतात. तिचा चेहरा आठवत नाहीं.

सुटी संपण्याच्या आंत मीं त्याच्या पत्त्यावर पत्र लिहिलें. लांबलचक लिहिलें होतें, तें फाडून टाकलें आणि चार ओळी लिहिल्या: तुम्ही कागद टाकलेला मीं पाहिला नव्हता, पाहिला असें मीं सांगितलें, तें खोटें होतें, जरी तेव्हां तें मला खरें वाटत होतें, तुमचें वर्ष मी परत देऊं शकत नाहीं.

पंधरा दिवसांनीं उत्तर आलें. पत्र थोडक्यांत आणि सौजन्यानें लिहिलेलें होतें. प्रकृतीची चौकशी होती. वर्ष गेलें त्याचें आतां कांहीं वाटत नाहीं, असें होतें. तें सौजन्यापुरतें असावें. शेवटीं त्यानें लिहिलें होतें: "आपलें पत्र मीं आईला वाचून दाखविलें. ती आतां थकली आहे. तिनें पत्र दोनदां वाचायला लावलें आणि विचारलें, सरांना मी आठवते का?"

या पत्राला उत्तर लिहायला मी तीनदां बसलों. अजून तें लिहून झालेलें नाहीं.